संध्याकाळचा चेहरा

चष्म्याच्या दुकानात पुढे मालक बसायचे आणि मागे, पडद्याआड, काचा घासायच्या मशीनपाशी भिंगरी. पुढे मालक गिऱ्हाइकासमोर आरसा धरायचे, "ही फ्रेम तुम्हाला दहा वर्षांनी तरुण करते," असं येईल त्याला सांगायचे, आणि खरं काम मागे चालायचं. काचेचा मध्य शोधून तिथे ठिपका द्यायचा, काच फ्रेमच्या मापाने घासून आणायची, हलक्या हाताने खाचेत बसवायची आणि तांदळाच्या कणीएवढा स्क्रू पिळायचा. या कामात भिंगरीचा हात बसलेला होता. लहानपणी एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून हे नाव पडलं. तीच मुलगी दिवसभर एका स्टुलावर बसते, याचं तिच्या आईला फार हसू यायचं.

एका दुपारी भिंगरीला एकाच्या जागी दोन स्क्रू दिसले. तिने डोळे चोळले, दिवा जवळ ओढला, आणि नेमका नसलेल्या स्क्रूवर हात टेकवला.

"दुसऱ्यांचे डोळे सुधारता सुधारता स्वतःचे गेले वाटतं," मालक म्हणाले. "चल, तुलाच एक चष्मा विकतो."

नंबर तपासला तर डोळे ठणठणीत. सकाळी स्क्रू एकच, दुपार कलली की दोन. मग पापणी उतरायला लागली. संध्याकाळी चार वाक्यं बोलली की आवाज नाकात जायचा. जेवताना निम्म्या पानावर जबडा दमायचा आणि ती हनुवटीला हात लावून घास चावायची. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कुणी ताण म्हणालं, कुणी रक्त कमी म्हणालं, एकाने तर लग्न करून टाका म्हणून सांगितलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला छताकडे टक लावून बघायला सांगितलं. बघता बघता पापण्या खाली आल्या, तशा त्या म्हणाल्या, "स्नायू चांगले आहेत, नसाही चांगल्या आहेत. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही, एवढंच. विश्रांतीनंतर पोचतो, दिवस चढतो तसा पोचेनासा होतो. हे आयुष्यभराचं आहे. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मनाने कमी नाहीत आणि जास्त तर मुळीच नाहीत. कमी पडल्या तरी अशक्तपणा येतो आणि जास्त झाल्या तरीही, आणि कुठला कशाने आला हे माझं मलाही पटकन कळत नाही."

आईने हे सगळं मान खाली घालून ऐकलं. आई शाळेत शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रक दरवर्षी तीच लावायची. कोणत्या सरांना जेवणानंतरचा तास नको, कोणत्या वर्गाला शेवटच्या तासाला गणित सोसत नाही, हे तिच्या डोक्यात असायचं. आता तिने मुलीचंही वेळापत्रक लावलं. दुकान सकाळचंच. दुपारी झोप. जेवण दिवेलागणीच्या आधी, मऊ. पाहुण्यांना बोलवायचं तर सकाळच्या चहाला. बघता बघता घराची घडी अशी बसली की भिंगरीची संध्याकाळ घराबाहेरच्या कुणाला दिसेनाशी झाली. लपवाछपवी नव्हती. कुणी विचारलं तर आई आजाराचं नाव सांगायची, वर समजावूनही सांगायची. फक्त तो आजार कधी कुणाच्या नजरेला पडायचा नाही.

स्थळ आलं ते लांबच्या एका मावशीकडून. मुलगा परदेशात, लिफ्ट दुरुस्त करणारा. निर्व्यसनी, आईवडील नाहीत, मोठी बहीण तिथेच खालच्या मजल्यावर. भिंगरी तेव्हा तिशी ओलांडून गेलेली, आणि आईला रोज एकच घोर, आपल्यामागे हिचं कसं. तिने मावशीकरवी आजाराचं सगळं कळवलं, एक शब्द गाळला नाही. तरी त्याचा फोन आला. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळ. आईने गोळी दिल्यावर तासभर थांबून मुलीला कॅमेऱ्यापुढे बसवलं.

"काकूंनी सांगितलंय सगळं," लिफ्टवाला म्हणाला. "मीही वाचलं. निम्मं कळलं. गोळ्या घेतल्या की बरं असतं ना?"

"असतं," भिंगरी म्हणाली, आणि त्या घटकेला ते खरंच होतं.

"मग झालं तर. माझ्या लिफ्टनाही महिन्याच्या महिन्याला वंगण लागतंच."

"म्हणजे मला वंगण घालणार तू?"

"नाही गं, तू मला घाल. कुरकुर माझीच जास्त असते."

ती खळखळून हसली. आई दाराआड उभी होती, तिने डोळे मिटून हात जोडले.

दीड वर्ष ते असे बोलले. रोज सकाळी, गोळीनंतर तासाभराने. एकदा सुट्टीच्या दिवशी त्याने विचारलं, उद्या माझ्या सकाळी बोलू या का, तुझी संध्याकाळ असेल. भिंगरीने दाराकडे पाहिलं. दारातून आईने नको म्हणून मान हलवली.

"संध्याकाळी आमच्याकडे नेट चालत नाही," भिंगरी म्हणाली.

फोन ठेवल्यावर बाबा पेपरामागून म्हणाले, "दाखवू दे की एकदा. संध्याकाळी काय ती आपली मुलगी नसते?"

"तुम्ही पेपर वाचा. मुलगी दाखवायची ती कुणी अशी दाखवतं का? मला बघायला आलात तेव्हा मी काय आजारी होते?"

"सर्दी होती तुला. नाक लाल होतं. शिंकत होतीस."

"आणि तरी हो म्हणालात ना? मग आता गप्प बसा."

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि आईकडे नुसतं पाहिलं. आपण काय बोललो ते आईच्याही लक्षात आलं असावं, कारण ती उठून आत गेली.  आईचं एकवेळ सोडा, तो सकाळचा चेहरा भिंगरीला स्वतःलाच प्रिय झाला होता. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात दिसणारी ती मुलगी टपोऱ्या डोळ्यांची होती, हजरजबाबी होती, आणि कुणीतरी तिच्यासाठी दिवसभराचं काम उरकून येऊन बसत होतं. तिला संध्याकाळी कुणापुढे न्यावंसं कुणाला वाटेल?

लग्नासाठी म्हणून तिला तिकडे यायची परवानगी मिळाली, तीन महिन्यांची. तेवढ्यात लग्न नोंदवायचं, नाहीतर परत. लग्न होईपर्यंत तिने नणंदेकडे राहायचं ठरलं. विमानतळावर आईने शेवटचं सांगितलं ते गोळ्यांबद्दल, आणि त्याच्याही नंतर, अगदी कानाशी, "दमलेली असलीस की फार बोलू नकोस."

नणंदेचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन आणि पडद्याच्या कापडाचे तागे. ती दुकानांना पडदे शिवून द्यायची. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या, अगदी तशाच. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागायचा आणि माणूस मजल्यावर पोचायच्या आत विझायचा. लिफ्टवाला वरच्या मजल्यावर राहायचा. पहाटे अंधारात त्याचे बूट जिन्यावरून उतरताना भिंगरी अंथरुणातून ऐकायची. परत यायचा तेव्हा दिवस संपलेला असायचा, त्याचाही आणि तिचाही. इतकं सगळं नीट जमवून आणलं होतं आणि हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, की तिकडची संध्याकाळ आता इकडची सकाळ नसणार. त्याच्या वाट्याला तिची येणार ती संध्याकाळच.

पहिला आठवडा प्रवासाच्या शिणावर गेला. त्यानंतर शीण म्हणायचीही सोय उरली नाही.

एकदा तो हात धुऊन जेवायला बसला आणि सांगायला लागला, "आज एक बाई लिफ्टमध्ये अडकली. मी वरून ओरडलो, घाबरू नका, दहा मिनिटांत काढतो. तर म्हणते, सावकाश काढा हो, घरी सासू आली आहे."

भिंगरीला हसू फुटलं. पण संध्याकाळी तिचा वरचा ओठ नुसता वर उचलायचा, कोपरे जागचे हलायचे नाहीत. हसणं तोंडावर यायचं ते दात विचकल्यासारखं.

"आवडलं नाही का?" त्याने विचारलं.

"हसतेय मी," ती म्हणाली. शब्द नाकातून आले, अर्धे विरघळलेले.

नणंदेने मशीन थांबवलं. "तिला काय विचारतोस? सकाळी आईशी बोलताना ऐक एकदा. कशी खळाळून हसते! मी मशीन बंद करून ऐकते. आपण समोर आलो की हे असं तोंड."

"ताई, तो आजार आहे. संध्याकाळी..."

"गोळ्या आहेत ना त्यावर?"

"आहेत."

"मग सकाळी लागू पडतात आणि संध्याकाळी पडत नाहीत? गोळ्यांनाही माणसं कळतात म्हणायची."

नणंद वाईट नव्हती. भिंगरीला मऊ लागतं म्हणून बटाटे वेगळे उकडायची, तिच्या खोलीचा हीटर आधी लावायची. पण कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं त्यापुढे समजावणं लंगडं पडत होतं. लिफ्टवाला तिची बाजू घ्यायचा, पापणी उतरली की दिवा कमी करायचा, आणि रोज थोडा थोडा गप्प होत चालला होता. एकदा जिन्यात तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. दिवा विझला, त्याने उठून लावला नाही.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "मला सगळं माहीत होतं, तुम्ही सांगितलं होतं. तुझा दोष काहीच नाही. पण दीड वर्ष मी जिच्याशी बोललो ना, मला रोज घरी येताना वाटतं, ती अजून यायची आहे."

भिंगरीने त्याचा हात धरला. धरून ठेवायला बोटांत जोर राहिला नव्हता, तो हळूच सुटला.

त्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या तिने ठरवलं, आणि ठरवलं ते आईच्याच मुलीसारखं. वेळापत्रक बदलायचं. सकाळ इथे कुणाच्या कामाची नव्हती. मग ती सकाळ उचलून संध्याकाळी ठेवायची. ती दिवसभर पडून राहायला लागली. सकाळची गोळी टाळायची, दुपारचीही टाळायची, आणि तो यायच्या आधी साठवलेल्या सगळ्या एकदम घ्यायच्या. आईचा सकाळचा फोन तिने घेणं बंद केलं. बोलण्यात पापण्यांची आणि जिभेची ताकद जायची. आईला लिहिलं, सकाळी कामं असतात, मी मजेत आहे.

आणि ते जमलं! पहिल्या दिवशी तो दारात उभाच राहिला. टपोरे डोळे, ताठ मान. तिने विचारलं, "आज कोण अडकलं?" आणि तो एखाद्या हरवलेल्या माणसाची गाठ पडल्यासारखा हसला. नणंदेने भावाकडे बघून भुवया उडवल्या. ते बाहेर चालून आले, कोपऱ्यापर्यंत. त्या आठवड्यात त्याने लग्नाच्या नोंदणीची तारीख ठरवून टाकली. साक्षीदार म्हणून नणंद आणि त्याचा एक सोबती. भिंगरीने आईला फोन केला, आणि आई पलीकडे रडली, मग नाक ओढत म्हणाली, "कॅमेरा का बंद ठेवला आहेस गं?"

"केस विंचरायचे आहेत," भिंगरी म्हणाली.

दिवसा ती आता भिंतीला धरून न्हाणीघरात जायची. पाणी पिताना ठसका लागायचा. पोटात पीळ पडायचा, तोंडाला सारखं पाणी सुटायचं, पापणीखाली काहीतरी थरथरत राहायचं. अशक्तपणा वाढतोय म्हणजे गोळी कमी पडतेय असं तिला वाटलं, आणि तिने आणखी एक घेतली. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. पण तारीख इतकी जवळ आली होती, की तोवर ढकलायचं, मग पुढचं पुढे.

जेवताना झालं. लिफ्टवाला काहीतरी सांगत होता, ती ऐकत होती, तोंडात बटाट्याचा घास होता. तो खाली जाईना. बाहेरही येईना. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवायचा प्रयत्न केला, आणि तो आधी हसलाच, त्याला वाटलं काही गंमत करते आहे. मग तिची मान पुढे पडली. नणंदेने खुर्ची लोटून तिच्या तोंडात बोटं घातली, घास ओढून काढला, तरी श्वास येत नव्हता. छाती उचलायची ताकदच संपली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिला तोंडाने श्वास देत होता आणि नणंद जिन्यातल्या दिव्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत उभी होती.

इस्पितळात घशात नळी घातली, श्वास मशीनवर ठेवला. परिचारिकेने विचारलं, तुम्ही हिचे कोण? तो म्हणाला, आम्ही लग्न करणार आहोत. तिने त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

आईला नणंदेने कळवलं. आईने पहिलं विचारलं ते, "गोळी किती वाजता घेतली होती?" ते नणंदेला माहीत नव्हतं. मग आईने कितीतरी वेळ नुसतं, "मला येऊ द्या, मला येऊ द्या," म्हटलं, जणू नणंदच तिला अडवत होती. परवानगी मिळून तिला तिथे पोचायला महिने लागले असते. फोन शेवटी बाबांनी घेतला.

उरलेल्या गोळ्या मोजल्यावर तिने काय केलं होतं ते सगळ्यांना कळलं. रक्त शुद्ध करण्याचे उपचार झाले. हळूहळू छाती आपली आपण हलायला लागली. नळी निघाली, आवाज आला नव्हता. लग्नाची ठरलेली तारीख त्याच्या आधीच निघून गेली होती, पण मुदत संपायला अजून काही दिवस होते. लिफ्टवाला रोज कामावरून थेट तिथे यायचा. एके दिवशी त्याने विचारलं, "दीड वर्षात एकदा तरी मला संध्याकाळी का नाही दिसलीस?"

उशाशी पाटी होती. भिंगरीने सावकाश लिहिलं, "दिसले असते तर हो म्हणाला असतास?"

त्याने ते वाचलं. पाटी मांडीवर ठेवली. "माहीत नाही," तो म्हणाला. "कदाचित म्हणालोही असतो. पण ते ठरवायची पाळीच माझ्यावर आली नाही. आता रोज घरी आलो की तुझा चेहरा बरा दिसला तरी मी गोळ्या मोजणार. वाईट दिसला तर माझ्यामुळे म्हणून घाबरणार. असं कसं राहायचं गं?"

तिला सांगायचं होतं की मी पुन्हा असं करणार नाही. पण करणार नाही याची तिची तिलाच खात्री नव्हती. तिने पाटी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नणंद आली, धुतलेले कपडे घेऊन. तिने भिंगरीचे केस विंचरले, गुंता सोडवताना एकदाही ओढ बसू दिली नाही. मग कंगवा साफ करत म्हणाली, "मी बोलले होते ते मनात ठेवू नकोस. मला कळलं नव्हतं." आणि कंगवा बाजूला ठेवून, "तो नाही म्हणत नाहीये. हो पण म्हणत नाही. मुदत संपली की त्याला काही म्हणावंच लागणार नाही, त्याचीच वाट बघतोय. माझाच भाऊ आहे, म्हणून सांगते."

भिंगरीनेच मग तिकीट काढायला सांगितलं. आवाज परत आला तशी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. मुदतीला अजून दोन दिवस असताना ती निघाली. थांब म्हणायला तिने त्याला तेवढे दिवस शिल्लक ठेवले होते.

तो गाडीने सोडायला आला. दिवेलागण झाली होती, पापण्या उतरल्या होत्या, मान मागे टेकवलेली. आता कशाचंच काही व्हायचं नव्हतं म्हणून की काय, दोघं सहज बोलत होती. त्याने सांगितलं, एका इमारतीत आजोबा रोज लिफ्ट बिघडली म्हणून तक्रार करतात, तो जातो तर लिफ्ट धडधाकट. आज त्याने विचारलं, आजोबा, रोज का बोलावता, तर म्हणाले, तुम्ही आलात की निदान कुणीतरी बेल वाजवतं.

भिंगरीचा ओठ वर गेला.

"हसलीस," तो म्हणाला.

"कळलं तुला?"

"आता कळतं."

 पुढच्या रस्त्यात सिग्नलला थांबला की तो तिच्याकडे बघायचा आणि हिरवा झाला की समोर. विमानतळावर चाकाची खुर्ची आली. त्याने तिच्या मांडीवर पर्स ठेवली, पट्टा गळ्यात अडकवला, विमानात गोळी कधी घ्यायची ते दोनदा सांगितलं. भिंगरी वाट बघत होती. चेहऱ्यावर काही आणून विचारणं तिला त्या वेळी जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"पोचलीस की कळव," तो म्हणाला.

खुर्ची ढकलणाऱ्याने ती वळवली. काचेच्या दारापलीकडे गेल्यावर भिंगरीने त्याला थांबायला सांगितलं आणि मागे पाहिलं. लिफ्टवाला अजून तिथेच उभा होता. त्याने हात वर केला. तिनेही उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथून खाली मांडीवर पडला. पुन्हा उचलायला ती जोर गोळा करत होती, पण त्याला वाटलं असेल, झाला निरोप. तो वळला आणि गाडीकडे चालायला लागला.